पाण्याची वहिवाट

निवृत्तिवेतनाच्या मर्यादित प्राप्तीत घराभोवतीची मोकळी जागा सुशोभित करण्याचा ज्याचा संकल्प असेल, त्याने आरंभीच रोपवाटिकेची पायरी चढू नये, एवढे सांगण्याचा अधिकार मला अंजूरच्या चिखलाने दिला आहे. वसईच्या मोहिमेत मराठ्यांच्या बाजूने झटलेल्या गंगाजी नाईकांचे गाव म्हणून इतिहासाच्या वाचकाला, आणि गोदामांचा परिसर म्हणून आजच्या व्यापाऱ्याला ठाऊक असलेले हे गाव मुळात भातखाचरांचे. खाडी जवळ, माती काळी व चिकट, आषाढात घोट्यापर्यंत पाय रुतवणारी आणि वैशाखात हाताचा पंजा शिरेल इतकी भेगाळणारी.

तहसील कचेरीत हयात घालवून या घरी कायमचा राहावयास आलो, तेव्हा शहरातून आलेल्या एका उद्यानरचनाकाराने हिरवळ, रंगीत खडे व छोटे कारंजे यांचे जे अंदाजपत्रक सादर केले, त्याची बेरीज वाचून मी ते आदरपूर्वक दप्तरी दाखल केले. जेथे चार महिने बेडूक सुखेनैव नांदतात, तेथे गालिच्यासारखी हिरवळ राखणे म्हणजे निसर्गाशी विनाकारण खटला मांडणे होय. शेजारच्या वृद्ध काकींनी मात्र ओट्यावरूनच निकाल दिला, “भाऊ, आधी पानी कारा, मंगशी झारां लावा.”

काकींचे म्हणणे मी शब्दशः पाळले. पहिल्या मोठ्या पावसात एका हाती छत्री व दुसऱ्या हाती काटक्यांची जुडी घेऊन अंगणात उभा राहिलो, आणि पाणी कोठून शिरते, कोठे थबकते व कोठून निघू पाहते, तेथे तेथे काटकी रोवत गेलो. आसपासच्या जमिनी भराव घालून उंच झाल्यामुळे पूर्वीचा निचरा बुजला होता आणि चोहीकडचे पाणी आमच्याच परसात मुक्कामास येत होते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत पाटपाणी, वाट व तत्सम रूढ हक्कांच्या नोंदीसाठी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दप्तराची तरतूद आहे, हे मला नोकरीमुळे तोंडपाठ होते. परंतु कलमाचा आधार न घेता मी शेजाऱ्यांच्या ओट्यावर चहा घेतला, आणि त्यांच्या बांधालगत नाल्यापर्यंत चर नेण्याची तजवीज दोघांच्या संमतीने झाली. सरकारी नोकरीत इतक्या तत्परतेने निकाली निघालेले प्रकरण मला आठवत नाही.

खरा खर्च झाला तो एवढाच: उघडीप पाहून दोन गड्यांकडून चर खणवून घेतला, त्यांची मजुरी. निघालेली माती फेकून न देता चराच्या कडेने लांबट उंचवटे केले, त्यामुळे माती विकत आणण्याचे कारण उरले नाही. आणि त्या चिकट मातीला भुसभुशीतपणा यावा म्हणून गिरणीतील भाताचे तूस, कुजका पेंढा, शेणखत व पालापाचोळा यांचे थर दिले. दहा गुंठ्यांत कुटुंबाचा निर्वाह होऊ शकतो असे प्रतिपादन करणारे ‘प्रयोग परिवारा’चे श्रीपाद दाभोळकर काडीकचऱ्यालाच शेतकऱ्याचे भांडवल मानत, माझ्या चार गुंठ्यांत त्या भांडवलाचे व्याज दुसऱ्याच पावसाळ्यात गांडुळांच्या रूपाने दिसू लागले.

झाडांना पैसे पडलेच नाहीत. आषाढात जास्वंद, तगर व अनंत यांच्या फांद्या गावात कोणाकडेही मागाव्या, कोणी नाही म्हणत नाही. मात्र मागणाऱ्याने पुढल्या वर्षी देणारा व्हावे, हा अलिखित शिरस्ता आहे. चराच्या ओलीत कर्दळ, अळू व सोनटक्का, मोरीच्या सांडपाण्यावर केळ, उंचवट्यांवर फुलझाडे, आणि कुंपणाला शेळ्या ज्याला तोंड लावीत नाहीत असा अडुळसा, अशी वाटणी जमिनीनेच ठरवून दिली. उन्हाळ्यात आमच्या विहिरीचे पाणी मचूळ होते, म्हणून खाडीकडील बाजूस खारट वारा व पाणी सोसणारे भेंड आणि करंज लावले. बाणवली नारळाची हौस दांडगी होती. पण दोन माडांत २५ फुटांचे अंतर हवे, या हिशेबाने दोघांपुरतीच जागा निघाली.

पायवाट शहाबादी फरशीच्या तुकड्यांची, वाफ्यांच्या कडा फुटक्या मंगळुरी कौलांच्या, आणि बाक गोदामाने टाकून दिलेल्या लाकडी पॅलेटचा. तो ओबडधोबड आहे, पण संध्याकाळी त्यावर जागा मिळविण्यासाठी घरात स्पर्धा असते.

गुलाबाविषयी मात्र सौभाग्यवतींचे व माझे मतैक्य होऊ शकले नाही. या मातीत आणि मचूळ पाण्यावर तो नांदणार नाही, हे माझे म्हणणे त्यांनी मान्य केले, आणि त्याच कारणास्तव दोन कुंड्या व बाहेरची माती विकत आणविली. त्या कुंड्या नळाच्या गोड्या पाण्यावर पोसल्या जातात. त्यांचा खर्च मी जमाखर्चाच्या वहीत ‘किरकोळ’ या सदराखाली मांडतो, आणि ते सदर अद्याप कोणी तपासलेले नाही.