बांध एक, दावेदार दोन

काळ्या चौकोनात उभी असलेली ही पांढरी फुलदाणी मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हमखास भेटते. रुंद तोंड, बारीक कंबर, खाली ऐसपैस बैठक. अंगावर साधी नक्षीही नाही, तरी नजर थेट तिच्यावर जाते; कारण ती दोन्ही अंगांनी सारखी आहे. मधोमध उभी घडी घातली तर डावी कड उजवीवर तंतोतंत बसावी. असा मेळ दिसला की डोळा लगेच ठरवतो, ही वस्तू. बाकीचं सगळं मागचं.

एवढ्यात दोन्हीकडच्या काळ्या जागेतून दोन माणसांचे चेहरे समोरासमोर येतात. नाकाला नाक भिडायचं तेवढं बाकी! फुलदाणी कुठे गेली? ती जागची हललेली नाही. तिची कड तेवढी गेली.

तिचं सगळं दैव त्या कडेत आहे. तिच्या कंबरेची खाच म्हणजेच त्यांचं नाक. दोन शेतांमध्ये बांध एकच असतो आणि तो कुणाचा यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालतं, तशी ही रेघ. ज्याच्याकडे बांध जाईल त्याला आकार येतो, लक्षही त्यालाच मिळतं. दुसऱ्याचं नुसतं माळरान होतं. निम्मा-निम्मा वाटा मेंदूला मंजूर नाही, म्हणून ती आणि ते दोघे आलटून पालटूनच दिसतात. २००० साली तर माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या कड कोणत्या बाजूच्या वस्तूची आहे यावर कमी-जास्त चेततात.

डेन्मार्कच्या एडगर रुबिन यांनी १९१५ च्या प्रबंधात तिला मांडलं, तेव्हापासून ती रुबिनची. घराणं मात्र जुनं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात राजा-राणीचे चेहरे कलशाच्या कडेत लपवलेली चित्रं छापली जात. पुढे १९२८ मध्ये पौल बान्सेन यांनी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर प्रयोग केले. ज्या पट्ट्यांच्या दोन कडा एकमेकींचं प्रतिबिंब होत्या, तेच बहुतेकांना पुढे आलेले दिसले. पण हा मेळ सर्वशक्तिमान नाही. कानिझ्सा आणि जेर्बिनो यांनी १९७६ मध्ये दाखवलं, की समोर बाहेर फुगलेला आकार असेल तर मेळ हरतो. आणि माणसाचा चेहरा समोर असेल तर? मग ओळखीचं पारडं जड होतं. पान उलटं धरा, चेहऱ्यांची पकड सैल पडेल. नजर कंबरेच्या मधोमध ठेवलीत तर बहुधा ती दिसेल, नाकाच्या शेंड्यावर ठेवलीत तर ते दोघे.

हिला फसवी म्हणतात, ते मला मान्य नाही. ती काहीच लपवत नाही. कड कुणाला द्यायची हे आपलेच डोळे ठरवतात, आणि ते ठरताना पकडण्याची इतकी सोपी संधी दुसरीकडे क्वचितच मिळते. चित्रकलेच्या शिक्षकांनी तिला वर्गात जरूर न्यावं. मग मुलांना सांगावं, आज खुर्ची काढू नका; खुर्चीच्या पायांमधली मोकळी जागा काढा.