सलाईनची बाटली आणि आईची चक्कर

आमच्याकडे "चांगला डॉक्टर" कोण, तर गेल्या गेल्या सलाईन लावणारा. माझ्या आईचंही तेच. अशक्तपणा वाटला की तालुक्याला जायचं, बाटली लावायची, पाचशे रुपये द्यायचे. चार दिवस बरं, परत चक्कर.

खरं सांगतो, तिला गाडीवर घेऊन जाणारा मीच. त्या बाटलीत असतं काय, कधी विचारलं नाही. अर्धा लिटर पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ! ग्लुकोजची असेल तर २५ ग्रॅम साखर, दोन-तीन कप चहात जाते तेवढी. (जुलाब-उलट्यांत तीच बाटली जीव वाचवते, ते वेगळं.)

दिवाळीनंतर सरकारी आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरबाईंनी सलाईन लावायला चक्क नकार दिला. आई चिडली. बाई शांतपणे म्हणाल्या, "मावशी, जेवता कधी? सगळ्यांचं झाल्यावर ना?" मग रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७. हवं १२. वर्षभर आम्ही मिठाचं पाणी विकत घेत होतो.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि पुढे खेड्यातल्याच, कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. औषधाआधी खाणं-पिणं बघणाऱ्या. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट, आणि आम्हाला बाटलीच दिसते.

आई आता लोहाच्या गोळ्या घेते, आमच्याबरोबरच जेवायला बसते. गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणून कुरकुर आहेच. पण परवा म्हणाली, "जिना न थांबता चढले रे."

शेजारच्या काकू मात्र अजून विचारतात, "सलाईन लावत नाही, ती कसली डॉक्टर?"