गाडी दोघांनी बसून बघावी



बैल घ्यायचा तर नवराबायकोने मिळून बघावा, असे आमच्या सासूबाई म्हणतात. बाजारात पारख गडीमाणूस करतो, पण गोठ्यात त्याला पाणी दाखवायचे असते बाईने. मारका निघाला तर शिंग तिलाच लागायचे. आम्ही बैल नव्हे, डिझेलची पिकअप गाडी घेतली, तेव्हा हे बोलणे मला पदोपदी आठवले.

आमचे गाव इगतपुरी तालुक्यात. पावसाळ्यात भात, पाऊस सरला की टोमॅटो. भात घोटीच्या गिरणीत जातो. टोमॅटो कधी नाशिकला, कधी वाशीला. आजवर भाड्याच्या गाडीवर भागवले. पण ऐन तोडणीत गाडीवाल्याचा फोन लागत नसे, आणि भाव चढला की नेमका आमचा माल बांधावर. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हा ह्यांनी मनाशी पक्के केले, आता आपली गाडी घ्यायचीच.

ह्यांचा कल मोठ्या गाडीकडे, लांब हौद्याच्या. मला वाटे, लोक ‘छोटा हत्ती’ म्हणतात तेवढी लहानच बरी. हप्ता कमी आणि अंगणात वळते. इंजिनाबद्दल सल्ला द्यायला तर दहा जण पुढे आले, कारण इगतपुरीतच महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे. चार दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “आधी माल मोजा, मग भांडा.”

वही काढली. टोमॅटोची जाळी वीस किलोची. एका तोड्याला आमच्या साठ-पासष्ट जाळ्या निघतात. रिकाम्या जाळ्यांचे वजन धरून चौदाशे किलोंच्या आसपास. लहान गाडीला दोन खेपा लागल्या असत्या. तिथे मी हरले.

मग मी विचारले, “वाशीचा माल रात्री निघतो. घाट कोण उतरवणार?”

हे गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाले, “समोरून दिवे आले की मला दोन वर्षांपासून रस्ता नीट दिसत नाही.”

दोन वर्षे हा माणूस मोटारसायकलवरून अंधारात घरी येत होता आणि मला एका शब्दाने बोलला नव्हता! मी रागावले, मग रडले. गाडीचे बाजूला ठेवून आधी डोळे दाखवले. मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया झाली, नीट दिसू लागले. पण तेव्हाच ठरले, की घरात गाडी चालवणारे दोघे हवेत.

मोटार चालवायला मी माहेरीच शिकले होते, परवानाही होता. पण त्यावर मालाची गाडी चालेल का? चालते. भरल्या गाडीचे मान्य एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असेल, तर हलक्या मोटारीच्या परवान्यावर ती चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. धोकादायक माल मात्र त्यातून वगळला आहे.

गाडी बघायला दोघे गेलो. दुकानातला माणूस ह्यांच्याशी बोले आणि मला फक्त चहा विचारी. मी सरळ चालकाच्या जागेवर जाऊन बसले. माझी उंची पाच फूट. पहिल्या गाडीत क्लच पुरता दाबायला मला पुढे घसरावे लागे. दुसरीची सीट पुढे सरकत होती, स्टिअरिंग हलके होते आणि पुढचा रस्ता जवळपर्यंत दिसत होता. तिचा हौदा ह्यांना हवा होता त्याहून हातभर कमी. ह्यांनी एकदा हौद्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, “हीच घेऊ.”

आता तुमच्यासाठी दोन शब्द. २०२० पासून नव्या डिझेल गाड्यांना बीएस-६ चे नियम आहेत. अशा बहुतेक गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी रोज घर ते शेत एवढीच रांगली, तर ती तुंबते. मोठ्या रस्त्यावर सलग पळवली, की काजळी आत जळून जाते. तेव्हा गाडी गावातच फिरणार असेल, तर डिझेलचा पुन्हा विचार करा. घाट उतरताना गिअर कधी काढू नका. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरते, नुसत्या ब्रेकवर भरवसा नको. आणि आवणीच्या बायका हौद्यात बसवून नेऊ नका. मालाच्या गाडीत माणसे बसवणे कायद्याला मान्य नाही, आणि गाडी उलटली तर विम्याचा आधारही राहत नाही. मग उरते ते आयुष्यभराचे दुःख.

आमच्याकडे कसारा घाट चढताना बहुतेक आगगाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. पुढच्या इंजिनाला त्यात कमीपणा वाटत नाही, आणि मागच्याशिवाय गाडी वर येत नाही.

परवा रात्री घाट मी उतरवला. हे शेजारी जागे होते. वाशीत जाळ्या उतरल्यावर चहा ह्यांनीच आणून दिला.