खोडणे आणि उलट नोंद

हिशेबाच्या वहीत खाडाखोड करू नये, ही शिकवण व्यापारी घरातील मुलाला फार लवकर मिळते. चुकीची नोंद पुसायची नसते. तिच्याविरुद्ध दुसरी नोंद करून तिचा परिणाम नाहीसा करायचा असतो. बँकेतील माझी सारी नोकरी याच नियमात गेली. निवृत्तीनंतर तो मला पुन्हा भेटला तो संगणकांच्या व्यवस्थापनात, आणि तेही घरच्या पेढीवर.

पुतण्याच्या चार दुकानांत मिळून चौदा संगणक आहेत. पूर्वी त्यांची सारी मांडणी एका माहितगार गृहस्थांच्या डोक्यात होती. कोणत्या संगणकावर कोणाला प्रवेश, रात्रीची बॅकअप प्रत कोठे जाते, प्रिंटर कसा जोडला आहे, हे केवळ त्यांनाच ठाऊक. ते गाव सोडून गेल्यावर एखादा संगणक बंद पडला की दोन-दोन दिवस हाताने बिले लिहावी लागत. मुनीम गेला आणि खतावणीही घेऊन गेला, असा तो प्रकार होता.

त्यानंतर पुतण्याने सर्व संगणक लिनक्सवर आणले आणि त्यांच्या व्यवस्थेसाठी अ‍ॅन्सिबल हे मुक्तस्रोत साधन स्वीकारले. मायकेल डीहान यांनी ते २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. २०१५ मध्ये रेड हॅटने ती कंपनी विकत घेतली, तरी मूळ साधन आजही विनामूल्य आहे. त्याची रीत बँकेच्या मुख्य कार्यालयाच्या परिपत्रकासारखी आहे. एका यादीत सर्व संगणकांची नावे असतात. तिला ‘इन्व्हेंटरी’ हाच आपल्या परिचयाचा शब्द आहे. ‘प्लेबुक’ नावाच्या फाइलीत प्रत्येक संगणक कोणत्या स्थितीत असावा, हे साध्या मजकुरात लिहिलेले असते. साधन प्रत्येक संगणकाशी संपर्क साधते, लिहिलेली आणि प्रत्यक्ष स्थिती ताडून पाहते आणि फरक असेल तेवढाच दुरुस्त करते. एकच व्हाउचर दोनदा नोंदले तर रोजमेळ चुकतो. नीट लिहिलेले प्लेबुक पुन्हा चालवले तर ‘बदल शून्य’ असाच अहवाल येतो.

गेल्या वर्षी एक कर्मचारी नोकरी सोडून गेला. पुतण्याने प्लेबुकमधून त्याचे नाव काढले आणि साधन चालवले. अहवाल आला, ‘बदल शून्य’. खाते बंद झाले असेल तर निदान तो बदल दिसायला हवा, हे मला खटकले.

“काका, यादीत नाव नाही म्हणजे खाते नाही,” तो म्हणाला.

“यादी राहू दे. प्रत्यक्ष संगणक दाखव,” मी म्हणालो.

त्या माणसाचे खाते चौदाही संगणकांवर जिवंत होते. गिऱ्हाइकांची उधारी, खरेदीचे भाव, सारे त्याच्या जुन्या पासवर्डने उघडले असते. तो सज्जन होता, म्हणून काही बिघडले नाही. परंतु कोणाच्या सज्जनपणावर पेढीची सुरक्षा सोपवता येत नाही.

कारण साधे होते. हे साधन जे लिहिले आहे तेवढेच पाहते. ओळ काढून टाकली की त्या बाबतीत ते मौन पाळते. पूर्वी केलेले काम आपोआप मागे घेत नाही. नाव तसेच ठेवून त्यापुढे ‘अ‍ॅबसेंट’, म्हणजे ‘हे खाते नसावे’, असे लिहावे लागते. वहीतील उलट नोंद ती हीच.

तेव्हापासून पेढीवर बदल एकाने लिहायचा आणि दुसऱ्याने तपासायचा, असा नियम आहे. बँकेतील मेकर-चेकर पद्धतच ती. आधी ‘चेक’ पद्धतीने चाचणी, मग एका दुकानात प्रयोग आणि नंतरच इतरत्र. कारण सुधारणा ज्या वेगाने सर्वत्र पोहोचते, त्याच वेगाने चूकही पोहोचते. काही थेट आज्ञा त्या चाचणीत वगळल्या जातात, म्हणून तिच्यावरही पूर्ण विसंबायचे नाही. पासवर्ड ‘व्हॉल्ट’ या कुलूपबंद फाइलीत असतात आणि तिची किल्ली घरातील दोघांकडे असते.

आपल्या पेढीचे संगणक सांभाळणाऱ्यास वाचकांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. ही सारी मांडणी कोठे लिहून ठेवली आहे? आणि सोडून गेलेल्यांपैकी किती जणांची खाती अजून चालू आहेत? उत्तर तोंडी मिळाले, तर ते संगणकावर प्रत्यक्ष पाहून घ्यावे.