यझ्दच्या बादगीरा, तू इकडे येऊ नकोस

बादगीरा,

तुला शेणव्याला आणायचं घाटतंय, म्हणून हे पत्र. शहापूर तालुक्यातलं हे गाव तुझ्या कानावर गेलं असण्याचं कारण नाही, पण तुझा फोटो इथं पोचलाय. कल्याण-डोंबिवलीत स्थिरावलेली माणसं हल्ली गावच्या जागेवर पुन्हा घर बांधू लागलीत. आजी-आजोबा, दोघे भाऊ, त्यांच्या बायका, पोरंबाळं, सगळ्यांचं मिळून एक. मग आर्किटेक्टसमोर मोबाइल धरला जातो, ‘असलं इराणी पाहिजे’, आणि बोट नेमकं तुझ्यावर असतं. इराणमधल्या यझ्दच्या दौलताबाद बागेतला तू, वारा पकडणारा मनोरा, अठराव्या शतकातला, आठ बाजूंचा, सुमारे ३३ मीटर उंच. देखणा आहेस, त्यांचा काय दोष!

पण इथली हवा ऐकून घे. तुझ्या यझ्दला वर्षाकाठी जेमतेम ६० मिलिमीटर पाऊस. इथं अडीच हजारांच्या आसपास, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. तू वरचा वारा पकडतोस, खाली हौदावर सोडतोस, कोरडी हवा पाणी पिऊन गार होते. आमच्या जुलैतल्या हवेचं पोट आधीच भरलेलं. तुझ्या उभ्या फटींतून पश्चिमेची झड थेट दिवाणखान्यात उतरेल आणि पाऊस सरला की पारवे बिऱ्हाड करतील. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात थोडा उपयोग होईल, हे कबूल. पण तेवढ्यासाठी आढ्याशी झरोके ठेवले की पुरे, तापलेली हवा वरून निघून जाते.

शिवाय तुझ्या मुलखातले लोक आमच्याकडे केव्हाच येऊन राहिलेत. डहाणू, घोलवड, बोर्डी हा पट्टा २०१४ पर्यंत आमच्या ठाणे जिल्ह्यातच होता. यझ्द-केर्मानकडचे झरथुष्ट्री इराणी तिथं आले आणि चिकूच्या वाड्यांत रमले. (घोलवडच्या चिकूला पुढं भौगोलिक मानांकनही मिळालं.) घरं बांधताना त्यांनी इथली कौलं घेतली, उतरती छपरं घेतली, रुंद ओटे घेतले. तुला काही सोबत आणलं नाही. आणणार तरी कसं? यझ्दमध्ये झरथुष्ट्र्यांना आपल्या घरावर बादगीर उभारायची एके काळी मनाईच होती. घरं बुटकी ठेवावी लागत, वर जिझिया भरावा लागे. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये पाठवलेल्या माणेकजी लिमजी हातरियांनी वर्षानुवर्षं खटपट केली, तेव्हा कुठं १८८२ मध्ये तो कर उठला. म्हणजे तुझ्याच गावात तुझ्याविना नांदलेली इराणी घरं होती. त्या बुटक्या घरांत मधे अंगण असे आणि अंगणाकडे तोंड करून उघडं दालन, पेसगम. मोठ्या पेसगमात घरचे धर्मविधी होत, गेलेल्यांचं स्मरण होई. तीन-चार पिढ्यांना एकत्र ठेवायला तेवढं पुरत होतं.

तेव्हा तू राहा तिकडे. तुझ्या शेजारच्या काही गोष्टी मात्र पाठव.

पहिली हश्ती. दारातून आत आलं की ती आठकोनी देवडी, आणि तिथून वाट वळते: पाहुणा बैठकीकडे, घरचं माणूस अंगणाकडे. तुमच्याकडे तिच्यामागं पडदा होता, तो तिकडेच राहू दे. पण रात्रपाळी करून सकाळी सातला घरी आलेल्या सुनेला सासऱ्यांच्या मित्रमंडळींतून वाट काढत जावं लागू नये, एवढ्यापुरतं ते वळण हवंच. आमच्याकडे ओटी, माजघर, स्वयंपाकघर एका रेषेत. मागच्याला बाहेर पडायचं तर पुढच्या सगळ्यांना ओलांडून. एकत्र कुटुंबं मोडली त्यात भावाभावांच्या भांडणाइतकाच या रेषेचाही हात आहे, असं माझं मत आहे.

दुसरं, घरातल्या घरात होणारं स्थलांतर. उन्हाळ्यात तुमची माणसं अंगणाच्या दक्षिणेकडच्या, उत्तरेला तोंड असलेल्या सावलीच्या खोल्यांत राहत, थंडीत समोरच्या उन्हाच्या बाजूला जात. आमच्याकडे नकाशावरच खोल्यांना नावं पडतात, ही थोरल्याची, ती धाकट्याची, आणि पुढं नेमकी तिथंच भिंत चढते. ऋतूप्रमाणे बिछाने हलत राहिले तर मालकी जरा सैल होईल. आम्हाला तिसरा ऋतूही सांभाळायचाय. म्हणून पश्चिमेला कोठार आणि न्हाणीघराची जाड पाठ, आणि पूर्वेकडे उघडणारी पावसाळी ओटी. चौक चारी बाजूंनी बंद केला की छपराच्या पन्हळी आतल्या चारही कोपऱ्यांत येतात आणि गळतं ते तिथंच. मी तो पूर्वेला मोकळा सोडेन. मधला हौद नको. डासांची पैदास आम्ही वेगळी करायची गरज नाही.

पाणी हवं ते जमिनीखाली. हा तालुका भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुंबईला पाजतो आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. तुमचं आब-अंबार, ते घुमटाखालचं पाण्याचं कोठार, इथं सोन्यासारखं आहे. १०० चौरस मीटर छपरावर वर्षाला अडीच लाख लिटर पाऊस पडतो. घरात आठ माणसं, माणशी रोज १०० लिटर, मार्चपासून १०० दिवस, म्हणजे ८० हजार लिटरची टाकी झाली की टँकरवाल्याला फोन नको. स्वस्त नाही, पण मनोऱ्याचे पैसे जमिनीत घालावेत.

हे सगळं करून घर इराणी दिसणार नाही, अशी तक्रार येईल. त्यांना महंमद करीम पीरनियांकडे पाठव. इराणी वास्तुकलेची जी पाच तत्त्वं त्यांनी मांडली, त्यात स्वयंपूर्णता आहे: साहित्य जवळपासचंच वापरावं. त्या हिशेबानं शेणव्यातलं इराणी घर काळ्या दगडाच्या जोत्यावरचं, विटांचं आणि कौलारूच असायला हवं. निळ्या टाइल्स आणि सिमेंटचा घुमट आणला तर पीरनियांच्या परीक्षेत नापास.

चुली मात्र दोन ठेवतो. तुमच्याकडे एक मोठा मुदपाक चालला असेल. आमच्याकडे चूल वेगळी झाली म्हणजे घर फुटलं असं मानतात. पण एकीच्या पथ्याचं आणि दुसरीच्या डब्याचं एकाच गॅसवर साडेसहाला जमत नाही. पहिल्या दिवसापासून दोन असल्या तर वेगळं काही करायला उरणारच नाही.

शेवटचं मागणं. तुमच्या जुन्या घरांच्या दाराशी दोन्ही अंगांना बैठका असतात, म्हाताऱ्यांनी टेकायला, वाटसरूनं थांबायला. पीरनेशीन म्हणतात ना? त्यांची मापं कळव. इथं मिस्त्री ओटा कमरेइतका उंच घेतो, गुडघे दुखणाऱ्या आजींना त्यावर चढताही येत नाही. दीड फुटाच्या वर नको, आणि उठताना धरायला भिंतीत एक कडी.

शेणव्याहून,
तुझा एक चाहता