शाळा सोडल्याचे कारण

बारावीच्या वर्षी माझ्या टेबलावर दोन गठ्ठे असायचे. एक सीईटीच्या सराव प्रश्नपत्रिकांचा. दीडशे प्रश्न, तीन तास, दोनशे गुण. त्यातले शंभर एकट्या गणिताचे, म्हणून माझी पहाट गणिताला वाहिलेली. दुसरा गठ्ठा दाखल्यांचा. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. सेतू केंद्रात गेलं की एखादा कागद कमी पडायचाच आणि पप्पांची अर्ध्या दिवसाची रजा जायची.

सगळ्यात अवघड व्हॅलिडिटी. जातीचा दाखला होता. पण राखीव जागेवर इंजिनिअरिंगला जायचं तर तो पडताळणी समितीकडून तपासून घ्यावा लागतो. आम्ही ओबीसी. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख, आणि तिच्या आधीचा पुरावा घराण्यात शोधायचा. पप्पांचा जन्मच १९७२चा. म्हणजे आबांच्या शाळेचा उतारा हवा.

"मी कुठं शाळंत गेलो?" आबा म्हणाले. मग जरा थांबून, "गेलो आसंन थोडं दिस."

आम्ही साताऱ्यात राहायचो. आबांचं गाव माण तालुक्यात. पप्पा आणि मी एका शनिवारी सकाळच्या एसटीने निघालो. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा डांबरगोळ्यांचा आणि जुन्या कागदाचा वास आला. रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर 'डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड' असं होतं. जिल्हा परिषदा आल्या १९६२ साली, हे रजिस्टर त्याच्याही आधीचं. पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. सर एकेक पान तळहातावर घेऊन उलटत होते, माझी आजी गरम भाकरी उलटायची तसं.

१९४३च्या पानावर आबा सापडले. टाकाने लिहिलेलं, जांभळट पडलेलं नाव. जन्मतारीख १ जून १९३६. त्या पानावरची बहुतेक मुलं १ जूनलाच जन्मलेली. नाव घालताना गुरुजींनी दिलेला वाढदिवस. जातीचा रकाना स्वच्छ वाचता येत होता. पप्पांनी सुस्कारा सोडला. आमचं काम झालं होतं.

माझी नजर मात्र ओळीच्या शेवटाकडे गेली. शाळा सोडली १९४५, इयत्ता दुसरी. प्रगती: चांगली. शाळा सोडल्याचे कारण: गुरे राखणे.

नऊ वर्षांचा मुलगा. मी मोबाइलवर अख्ख्या पानाचा फोटो काढला. समितीला तो लागणार नव्हता. सर शिक्क्यानिशी उतारा देणारच होते. पण ते पान तिथे सोडून यायला मन होईना.

परतीच्या वाटेवर मी फक्त त्या दोन शब्दांचा विचार करत होते. चांगली प्रगती असलेल्या मुलाला दुसरीतून उठवून गुरांमागे धाडताना कुणाला वाईट वाटलं असेल का? माणातल्या कोरड्या माळावर गुरांना चारायचं म्हणजे दिवसभराची पायपीट. त्यात अक्षरं टिकतात किती दिवस? आबा सही करतात, पण ती सावकाश. पहिल्या अक्षरापाशी पेन टेकवून क्षणभर थांबतात. लहानपणापासून मी ते पाहत आलेय, आणि दर वेळी मला वाटायचं, म्हातारपणाने हात थरथरतोय.

रात्री प्रश्नपत्रिका पालथी घालून मी आबांच्या कॉटवर बसले. फोटो मोठा करून वाचून दाखवला.

"प्रगती चांगली, आसं लिवलंय?"

"हो आबा. गुरुजींनी लिहिलंय."

त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. कारणाच्या रकान्याबद्दल काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या वरचं नाव काय हाय?"

मी वाचलं. "ह्यो वरच्या आळीचा. लई पळायचा. त्याच्या वरचं?"

असं करत अख्खं पान झालं. सतरा नावं. कुणी विहिरीवर मोटेला गेला, कुणी मुंबईला गिरणीत. एकाच्या कारणाच्या रकान्यात 'मयत' होतं. तिथे आबांनी हात वर करून मला थांबवलं. दोघांच्या पुढे 'चौथी पास'. त्यांची नावं मी वाचली, तेव्हा आबा उठून बसले.

"आता गुरुजींचं नाव वाच," ते म्हणाले. "खाली सही आसंल बघ."

सही होती, पण फोटोत कडेला कापली गेली होती. मी स्क्रीन कितीतरी वेळ वर-खाली सरकवत राहिले.