बाकूला न गेलेला खेळाडू

मे २०१९. रमजानचा शेवटचा अशरा चालू होता. तरावीह आटोपून घरी आलो, तर भाचा टीव्हीसमोर ठाण मांडून बसलेला. रात्री साडेबाराला बाकू शहरात आर्सेनल आणि चेल्सी यांच्यात युरोपा लीगची फायनल होती. सहेरीपर्यंत जागायचंच होतं, म्हणून मीही बसलो. भाचा आर्सेनलवाला, आणि त्याचं कारण मेसुत ओझिल. सामन्याआधी हात उचलून दुआ मागणारा हा खेळाडू आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना घरातलाच वाटायचा.

संघातली नावं पडद्यावर आली, तसा भाचा म्हणाला, "मामू, मिखितारियान नाहीये."

मी बातमी वाचली होती. त्याला सांगितलं की, तो आर्मेनियाचा आहे आणि सामना अझरबैजानच्या राजधानीत आहे. दोन्ही देशांत जुनं वैर आहे. जिवाला धोका नको म्हणून तो गेलाच नाही.

"अझरबैजानमध्ये आपलेच लोक आहेत ना?"

"हो," मी म्हणालो.

"म्हणजे त्याला आपल्या लोकांची भीती वाटते?"

चेल्सीनं तो सामना ४-१ असा जिंकला. ते गोल मला फारसे आठवत नाहीत, तेरा वर्षांच्या पोराचा तो प्रश्न मात्र आठवतो. 'आपले लोक' हा शब्द मी वर्गातही सहज वापरत आलो होतो. त्या रात्री तो पहिल्यांदा टोचला.

त्यानंतर मी हेन्रिख मिखितारियानबद्दल मिळेल ते वाचत गेलो. त्याचा जन्म जानेवारी १९८९चा, येरेवानचा. वडिलांचं नाव हॅम्लेट. आर्मेनियात शेक्सपियरच्या पात्रांची नावं मुलांना ठेवायची पद्धत आहे. हे वडील येरेवानच्या अरारात क्लबचे आघाडीचे खेळाडू होते, गोल करणारे. पुढे ते फ्रान्समधल्या वालान्स शहराच्या संघात गेले आणि कुटुंबही तिकडे गेलं. मुलाचं बालपण फ्रेंच बोलण्यात गेलं. मग वडिलांना मेंदूचा ट्यूमर झाला. कुटुंब येरेवानला परतलं आणि १९९६ साली, अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी हॅम्लेट वारले. हेन्रिख तेव्हा सात वर्षांचा होता. आपल्याकडे ज्याला यतीम म्हणतात, तसा.

घर आई मरीनानं सांभाळलं. तिनं आर्मेनियाच्या फुटबॉल महासंघात काम केलं. पोरगा प्यूनिक क्लबमध्ये वाढला. कोवळ्या वयात काही महिने ब्राझीलच्या साओ पावलो क्लबमध्ये जाऊन खेळला आणि येताना पोर्तुगीज घेऊन आला. मग युक्रेनमध्ये दोनेत्स्क. तिथं शाख्तारकडून २०१२-१३च्या हंगामात त्यानं लीगमध्ये २५ गोल केले. तो त्या लीगचा विक्रम ठरला. त्यानंतर जर्मनीचं डॉर्टमुंड, मग मँचेस्टर युनायटेड. २०१७च्या युरोपा लीग फायनलमध्ये आयाक्सविरुद्धच्या २-० विजयातला दुसरा गोल त्याचा. पुढे आर्सेनल, रोमा, इंटर मिलान. वडिलांसारखा तो अगदी टोकाला उभा राहून खेळणारा नव्हे. मधून धावत येऊन गोल करणारा. तरीही आर्मेनियाकडून सर्वाधिक, म्हणजे ३२ गोल त्याच्याच नावावर आहेत. ज्या देशात गेला, तिथली भाषा तो शिकला. मी दोन भाषा शिकवून पोट भरतो. हा माणूस सहा-सात भाषा बोलतो, हे वाचून खरं सांगतो, मला हेवा वाटला.

इतकं करूनही त्याची एक फायनल नावगावामुळे हुकली. अझरबैजान सरकारनं सुरक्षेची हमी दिली होती, युरोपच्या फुटबॉल संघटनेनंही दिली होती. न जाण्याचा निर्णय त्यानं, घरच्यांनी आणि क्लबनं मिळून घेतला. असे सामने खेळाडूच्या वाट्याला वारंवार येत नाहीत, हा हुकल्यामुळे फार दुखतंय, असं त्यानं जाहीरपणे लिहिलं. याआधी डॉर्टमुंडकडून असतानाही, २०१५ साली, तो अझरबैजानला गेला नव्हता.

हमी असूनही माणूस का जात नाही, हे मला समजतं. बीएड करून पहिल्या नोकरीवर रुजू झालो, तेव्हा भाड्यानं खोली शोधत होतो. एका घरमालकानं किल्ली हातात काढून ठेवली होती. मग नाव विचारलं. नाव ऐकल्यावर त्यांना आठवलं की, पुढच्या महिन्यात गावाकडून पाहुणे येणार आहेत. त्यांनी अपशब्द काढला नाही, चहासुद्धा पाजला. कायद्यानं मला कुठंही राहायची हमी आहे, तरी त्या गल्लीत मी पुन्हा गेलो नाही. त्याची गोष्ट आणि माझी गोष्ट एका मापाची नाही. पण नाव सांगण्याआधी घशात जो आवंढा येतो, तो मी ओळखतो.

मात्र गोष्ट इथं संपवली, तर ती अर्धीच होईल. २०१८च्या ऑक्टोबरमध्येही आर्सेनल बाकूला गेलं होतं. तेव्हाही तो गेला नाही. तो सामना काराबाख नावाच्या संघाशी होता. हा संघ मूळचा अघदाम शहराचा. १९९३ साली आर्मेनियन फौजांनी अघदाम घेतलं, तिथली अझरी माणसं परागंदा झाली आणि त्यांच्याबरोबर संघही. तेव्हापासून तो बाकूत खेळतो. गाव नसलेला संघ! मागं राहिलेलं शहर पडून ओस झालं. उभी राहिली ती जामा मशीद. म्हणजे त्या सामन्यात एका बाजूला येऊ न शकणारा खेळाडू होता आणि दुसऱ्या बाजूला घरी जाऊ न शकणारा संघ.

२०२० साली पुन्हा युद्ध पेटलं. ४४ दिवस चाललं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अझरबैजानच्या विजयाच्या मुबारकबाद फिरू लागल्या. काराबाख कुठं आहे, हे त्यातल्या बहुतेकांना नकाशावर दाखवता आलं नसतं. एका मेसेजवर मीही अंगठा उमटवला होता. मिखितारियानही गप्प नव्हता. अमेरिका, रशिया आणि फ्रान्सच्या अध्यक्षांना त्यानं खुलं पत्र लिहून आपल्या लोकांची बाजू मांडली. अघदाम अझरबैजानला परत मिळालं. २०२३च्या सप्टेंबरमध्ये काराबाखमधल्या एक लाखाहून जास्त आर्मेनियन माणसांनी घरं सोडली. आता ओस पडायची पाळी त्यांच्या गावांची. या वेळी मी अंगठा उमटवला नाही. ग्रुपवर काही लिहिलंही नाही. लिहायला हवं होतं.

भाच्याला मी त्या रात्री उत्तर दिलं नव्हतं, सहेरीची वेळ झाली म्हणून उठलो होतो. पुढं तो कॉलेजात गेल्यावर त्याला अघदामची गोष्ट सांगितली आणि माझ्या खोलीचीही. म्हटलं, "आपल्या लोकांची कुणाला भीती वाटत असेल, तर ती आपण ऐकून घ्यायची. आपलीही कुणी ऐकावी असं वाटतं ना?" तो काही बोलला नाही.

२०२४च्या एप्रिलमध्ये इंटरनं इटलीची लीग जिंकली. पस्तिशीचा मिखितारियान त्या संघात होता. सकाळी भाच्याचा मेसेज आला, "मामू, तुमचा आर्मेनियावाला चॅम्पियन झाला."

मी लिहिलं, "मुबारक. आणि काराबाखचं काय चाललंय?"

"युरोपा लीगमध्ये लेव्हरकुसेनकडून हरले. पण चांगले खेळले."

आता आम्ही दोघंही दोन्ही निकाल बघतो.